मोडलेला श्रावण

वश्या, तुझ्या तेराव्याला मांडव वाकडा होता. पुढच्या कोपऱ्यातला बांबू कलला होता आणि कापडाला मधोमध पोट सुटलं होतं. तू असतास तर भरल्या पंगतीतून उठून आधी तो बांबू सरळ केला असतास आणि बांधणाऱ्याची चांगली खरडपट्टी काढली असतीस. वाढता वाढता माझं तोंड उघडलंच होतं, "वश्याला हाक मारा रे कोणीतरी," असं म्हणायला. मग आठवलं. तशीच आत गेले आणि भाताच्या पातेल्यापाशी उभी राहिले.

तालुक्यातल्या निम्म्या लग्नांचे मांडव तू घातलेस आणि तुझ्या वेळेला हे असं. हसावं की रडावं तेच कळेना. मी दोन्ही केलं. सुनंदाला वाटलं, नणंदेचं डोकं फिरलं.

त्याच पंगतीत कोणीतरी म्हणालं, "कितीबी झाला तरी दारूनंच खाल्ला शेवटी." नाव घेत नाही, तुला ठाऊक आहे असं कोण बोलतं ते. माझ्या हातात वरणाची बादली होती. मी त्याच्यापुढं थांबले आणि म्हटलं, "माझ्या भावाच्या जिभेला इतकी वर्षं थेंब लागला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं. तुला त्यांच्यापेक्षा जास्त कळत असेल तर तू दवाखाना टाक." आणि त्याला वरण न वाढता पुढं गेले. तुझ्या तेराव्याला एक माणूस कोरडा भात जेवून उठला. तुला हे आवडलं असतं, म्हणून सांगते.

तू गेलास त्या दुपारी पावसाळ्यासाठी मांडवाची कापडं घडी करून माळ्यावर ठेवत होतास म्हणे. खाली उतरलास, सुनंदाकडं पाणी मागितलंस आणि ती पाणी घेऊन येईपर्यंत खांबाला टेकून बसलास ते बसलासच. मी तेव्हा गाडीवर होते. मुरबाडहून शहापूरला निघालेली माझी एसटी सरळगावच्या पुढं आली होती, गळ्यात तिकिटाचं मशीन होतं, आणि फोन आला. किन्हवलीला उतरले. पुढचं मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं, की आपल्या घराकडच्या रस्त्यानं चालताना मी तुझ्यावर रागावले होते. आपलं बोलणं संपलं नव्हतं रे. एक भांडण अर्धं ठेवून तू उठून गेलास.

ते भांडण त्या श्रावणाचं.

तुला तर सगळं माहीतच आहे, पण मला आज पुन्हा पहिल्यापासून बोलू दे. परवा अमावास्या आहे, गटारी. स्टँडवरच्या बायका कोंबड्यांचे भाव बोलतायत, ड्रायव्हर लोक परवाची सुट्टी मागतायत. आपल्याकडं श्रावणाआधी दारूला असा निरोप द्यायचा आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर ग्लास पालथा घालायचा. शेकडो माणसं घालतात आणि त्यांना काही होत नाही. म्हणून तर कोणाला खरं वाटत नाही, की एखाद्याला त्यानंच मरण येऊ शकतं.

तुझं पिणं तोवर शेकडोंमधलं राहिलं नव्हतं. सकाळी उठल्याबरोबर लागायची. नाही मिळाली तर तुझ्या हातांना सुंभाची गाठ मारता येत नसे. ज्या हातांनी बांबूवर चढून, खाली न बघता, एका झटक्यात गाठ मारली ते हात चहाचा कप धरताना थरथरायचे आणि एक घोट गेला की गाठ पुन्हा पक्की बसायची. लोक म्हणायचे, वसंताला दारू कामाला लावते.

त्याच्या आदल्या वर्षी श्रावणाला आम्ही सगळ्यांनीच मिळून तुला सोडायला लावली. देवळात नारळ ठेवला, तू शपथ घेतलीस, गुरवानं अंगारा लावला, आणि सगळ्यांना वाटलं आता झालं. दोन दिवस तू घामानं भिजत अंथरुणात पडून होतास. आम्ही म्हटलं, विष उतरतंय. मग तू उठून बसलास आणि हवेत गाठी मारायला लागलास. समोर काही नव्हतं. तू सुंभ ओढत होतास, दातात धरत होतास, "खांब धर, खांब धर," असं कोणाला तरी सांगत होतास. सुनंदानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाढली. कोणी म्हणालं बाधा झाली, कोणी म्हणालं शपथेत काही चुकलं, आणि भगताला बोलावणं गेलं. तो यायच्या आत तुला फिट आली. तोंडाला फेस, डोळे पांढरे. तेव्हा कुठं जीप बघितली आणि दवाखाना गाठला.

तिथून वाचून आलास आणि पुन्हा प्यायला लागलास. दोष कोणाला देऊ? तुला वाटलं, सोडली की देव मारतो. गावालाही तसंच वाटलं. वर झोपेसाठी कोणीतरी कल्याणहून आणून दिलेल्या गोळ्या तू खायला लागलास, तेही चोरून. दारूच्या वर गोळी. सकाळी तुला उठवताना सुनंदा आधी नाकापुढं हात धरायची.

पुढच्या वर्षी आषाढ संपत आला तसं तू पुन्हा बोललास, "बाय, यंदा श्रावणाला सोडतोच. यंदा देवाचं सगळं नीट करणार." तालुक्याच्या दवाखान्यात ठरलेल्या वारी एक मानसोपचाराच्या डॉक्टर बाई येत. तू यायला तयार नव्हतास, म्हणून अमावास्येच्या दिवशी मी एकटीच जाऊन त्यांच्यापुढं बसले. किती पितो, कधीपासून, गेल्या वर्षी काय झालं, त्यांनी सगळं विचारलं. मी विचारलं, "उद्यापासून सोडतोय, तर पथ्य काय सांभाळू?" त्या पेन खाली ठेवून म्हणाल्या, "उद्यापासून सोडू देऊ नका."

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काही चुकतंय. त्यांनी समजावून सांगितलं. इतक्या वर्षांत शरीराला तिची सवय झालेली असते, एकदम काढून घेतली तर मेंदू बिथरतो, फिट येते, भास होतात, माणूस दगावतोही. सोडवायचीच आहे, पण दवाखान्यात, औषधाच्या आधारानं. ठाण्याला भरती करायला जागा दोन दिवसांनी होणार होती. तोवर रोजची जेवढी आहे तेवढी चालू राहू दे, वाढवायची नाही, तोडायची नाही. घाम, थरथर वाढली, बडबड सुरू झाली, फिट आली, तर कशाचीही वाट न बघता घेऊन यायचं. आणि दुसऱ्या कुठल्या गोळ्या घेतो का, ते शोधून काढा, असंही त्यांनी बजावलं.

वश्या, मी आयुष्यभर दारूच्या नावानं बोटं मोडली. बसमध्ये प्यालेला माणूस चढला तर त्याला मागच्या सीटवर बसवून सरळगावपर्यंत शिव्या देत आणलेलं आहे. आणि आता मीच तुला पाजायची, तीही श्रावणाच्या पहिल्या दिवशी.

अमावास्येच्या संध्याकाळी तू होतं नव्हतं ते संपवलंस आणि रिकाम्या बाटल्या फोडून टाकल्यास. सुनंदानं सकाळी फोनवर ते मला आनंदानं सांगितलं. मी तशीच युनिफॉर्ममध्ये निघाले. देशीच्या दुकानात त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. काउंटरवरचा मला खाकीत बघून उभा राहिला. "मॅडम, ड्रायव्हर नाय आला इकडं. आईशप्पथ." त्याला वाटलं मी आमच्या कोणाला पकडायला आले. मी बाटली मागितली तेव्हा त्यानं आधी कॅलेंडरकडं बघितलं, मग माझ्याकडं. पिशवीत भाजी नव्हती, त्यामुळं ती लपवायला वर काहीच नव्हतं. किन्हवलीच्या स्टॉपवर उतरून घरापर्यंत येताना ती काच पिशवीतल्या डब्याला लागून वाजत होती आणि ओटीवरच्या बायका बोलायच्या थांबत होत्या.

तू आंघोळ करून बसला होतास. कपाळाला गंध, अंगात धुतलेला सदरा. इतका देखणा दिसत होतास, की मला लहानपणीचा तू आठवलास. आणि तुझे हात मांडीखाली दाबलेले होते.

"बाय, आज नाय गो. आज श्रावण हाय," तू म्हणालास.

मी डॉक्टर बाईंचं सगळं सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि मान हलवत राहिलास. सुनंदा मध्ये पडली. "ताई, तुमी तरी असं करू नका. यंदा त्यांनी मनापासून घेतलाय. देव बघतोय."

"गेल्या वर्षीपण बघत होता," मी म्हटलं. हे बोलायला नको होतं बहुतेक, पण मी बोलले.

तू उठलास, देवापुढं जाऊन बसलास आणि माझ्याकडं पाठ केलीस. मी ओटीवर बसून राहिले. दुपार व्हायच्या आत तुझ्या पाठीवर सदरा चिकटला. सुनंदानं दिलेल्या पाण्याच्या तांब्याचा तुझ्या दातावर आवाज व्हायला लागला. मग तू हळूच बोटांनी सदऱ्याचा दोरा ओढायला लागलास, आणि तिथं सुटलेला दोरा नव्हताच. सुनंदानं ते बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ग्लास आणून दिला.

मी तुझ्यापुढं बसले आणि म्हटलं, "पाप माझं. देवाला मी सांगीन."

"तू कोण गो देवाला सांगनारी?" तुझा आवाज फुटला होता. "माझा श्रावण तू मोडतंस."

"मोडते."

तू सदऱ्याच्या बाहीनं कपाळावरचं गंध पुसलंस. नीट, एक कण राहू न देता पुसलंस. आणि भिंतीकडं तोंड केलंस. तुझ्या हातात ग्लास ठरत नव्हता, म्हणून मी तो धरला आणि दुसरा हात तुझ्या मानेखाली घातला. आई गेल्यावर तू तापानं फणफणायचास तेव्हा मी असंच काढा पाजायची. तेव्हाही तू तोंड फिरवायचास. घोट गेला, मग दुसरा गेला, आणि तुझ्या बंद डोळ्यांतून पाणी आलं. मी सगळ्या आयुष्यात इतकं अवघड काही केलेलं नाही.

थरथर थांबली तरी मी थांबले नाही. बाईंनी बजावलं होतं तसं लगेच दवाखान्यात फोन केला आणि ठरलेल्या दिवसाची वाट न बघता त्याच दुपारी तुला ठाण्याला घेऊन निघाले. भरती करताना डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं, तू साफ नाही म्हणालास, आणि मी तुझ्या सुंभाच्या थैलीतून सुनंदानं शोधून काढलेली पाकिटं टेबलावर ठेवली. तुझी ती नजर. "चुगलखोर," असं म्हणालास, लहानपणी म्हणायचास तसंच. डॉक्टर म्हणाले, "यांनी हे सांगितलं नसतं तर आम्ही दारूचं बघत बसलो असतो आणि या गोळ्या एकदम तुटून पुन्हा फिट आली असती." तू ते ऐकलंस का, मला माहीत नाही. मी मात्र मुद्दाम तुझ्याकडं बघितलं.

तिथं त्यांनी तुला सलाईन लावली, ताकदीची इंजेक्शनं दिली, दारूच्या जागी औषध देऊन तेही रोज थोडं थोडं उतरवत नेलं. हवेतल्या गाठी या खेपेला आल्या नाहीत. मी दाराशी बसून तुझ्या हातांकडं बघत असायची. एका सकाळी तू कप उचललास, चहा प्यालास आणि कप खाली ठेवलास. बशीचा आवाज झाला नाही. मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन रडून आले आणि परत येऊन तुला म्हटलं, "चहात साखर कमी आहे का रे?"

दारू दवाखान्यात सुटली, गोळ्यांनी मात्र पुढं कित्येक महिने खाल्ले. त्या एकदम बंद करायच्या नाहीत, थोड्या थोड्या कमी करत न्यायच्या, मध्येच त्रास वाढला तर डॉक्टरांना विचारून थांबायचं, मग पुन्हा उतरायचं. सुनंदा पट्टी तांदळाच्या डब्यात ठेवायची आणि गोळी ब्लेडनं अर्धी करून द्यायची. तू तिच्या मागं लागायचास, चिडायचास, ताट सारायचास. झोप नाही म्हणून डोळे लाल. तेव्हा तू माझ्या गाडीत येऊन बसायला लागलास. मुरबाड ते शहापूर, शहापूर ते मुरबाड, माझ्या बाजूच्या सीटवर, खिडकीला डोकं टेकून. मी तुझं तिकीट फाडायची. तू म्हणायचास, "सख्ख्या भावाचं पन तिकीट फाडतंस? कसली बहीन तू." मी म्हणायची, "चेकर आला तर तू नोकरी देणार मला?" सरळगावच्या वळणावर तुला डुलकी लागायची. ड्रायव्हरला मी खूण करायची, खड्डा सांभाळ. मुरबाड-शहापूर रस्त्यावर तेव्हाइतकी हळू गाडी कधी गेली नसेल. प्रवासी कुरकुर करायचे आणि मी त्यांना चिल्लर नाही म्हणून गप्प करायची.

आपल्या दोघांचे सगळ्यांत चांगले दिवस तेच होते, वश्या. लहानपण उपाशी गेलं, मग माझं लग्न, मग तुझी दारू. भाऊ म्हणून तू मला मिळालास तो त्या सीटवर. तू पहिल्यांदाच पाहिल्यासारखा बाहेरची शेतं बघायचास, मध्येच विचारायचास, "बाय, ही नाचणी कोणाची गो? बरी आलीय." मला काय माहीत कोणाची. पण मी काहीतरी नाव सांगायची, आणि तू ते खोटं आहे हे ओळखून हसायचास. आता ती सीट रिकामी असली तरी मी तिथं कोणाला बसू देत नाही, असं सांगितलं तर छान वाटेल, पण तसं नाही. गर्दी असते, लोक बसतात. मी फक्त त्या बाजूला बघत नाही.

शेवटची अर्धी गोळीही सुटली. तू मांडवावर पुन्हा चढलास. गाठी आधीपेक्षा घट्ट. आणि तिथून पुढं दर श्रावण तू असा पाळलास की गुरवानं लाजावं. कांदा नाही, लसूण नाही, पायात चप्पल नाही, महिनाभर. मी म्हणायची, "अरे, बस कर, देव पण कंटाळला असेल." तू म्हणायचास, "एक मोडलाय ना माझा. तो भरून निघत नाय."

आणि श्रावणाच्या पहिल्या दिवशी तू माझा फोन उचलत नसायचास. बाकी वर्षभर दिवसातून दोनदा बोलणारा माणूस. त्या एका दिवशी घंटी वाजत राहायची. दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन करायचास, जसं काही झालंच नाही, आणि भात लावणीचं विचारायचास. मी कधी विचारलं नाही का ते. एकदाच धीर करून म्हटलं, "वश्या, त्या दिवशी मी केलं ते बरोबर की चूक?" तू दोर गुंडाळत होतास. म्हणालास, "जाऊ दे ना गो. आता काय त्याचं." आणि दोर गुंडाळत राहिलास.

मला जाऊ द्यायचं नव्हतं. मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, सुनंदानं सांगितलं, पुस्तकात असेल तर तिथंही लिहिलेलं असेल. पण गंध तू पुसलं होतंस. ते माझ्यामुळं पुसावं लागलं, त्याबद्दल तुझ्या मनात काय आहे, ते दुसरं कोण सांगणार होतं?

तर काल काय झालं ऐक. शहापूर स्टँडवर गाडी लागली होती. मी दारात उभी. डोळखांबकडची एक बाई आली, माझ्या वयाची असेल, डोक्यावर पदर. म्हणाली, "तुमी मांडववाल्या वसंतदादाची बहीन ना? मुरबाड गाडीवरची?"

मी हो म्हटलं. मला वाटलं, दुखवट्याचं बोलायला आली.

तिचं नाव जनाबाई. तिचा नवरा मांडवाच्या कामाला तुझ्याबरोबर यायचा. प्यायला लागला तो सकाळपासून प्यायचा, मागं एकदा सोडली तर शेतातच आकडी येऊन पडला. आता पुन्हा श्रावणापासून बंद म्हणतोय. ती म्हणाली, "दादा बोलला होता, एकदम बंद नाय करायची. आदी डाक्टर. मी येतो संगती, बोलला होता. आता दादाच गेला. म्हनून तुमाला शोधत आले. तो बोलायचा, मी नसलो तर माझ्या बायला विचारा, तिला सगलं ठावं हाय."

मी तिला विचारलं, "अजून काय बोलायचा?"

"आमचा मालक ऐकत नव्हता ना, देवाचा महिना, देवाचा महिना करत व्हता. तर दादानं त्याला समोर बसवला. बोलला, मला भर श्रावणात माझ्या बायनं तिच्या हातानं पाजली, म्हनून मी आज हाय. देवाला राग आला आसता तर मी चढलो आसतो काय मांडवावर?"

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. गाडीची वेळ झाली होती. मी जनाबाईला म्हटलं, "पुन्हा सांग." तिला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, आणि स्टँडवरच्या लोकांनीही ऐकलं. मी तिला विचारलं, तो अजून कोणाकोणाला असं सांगायचा. ती म्हणाली, "कोनालापन. ज्याच्या घरी दारू त्याला."

म्हणजे पाड्यापाड्यावर तुझं हे बोलणं पोचलं होतं. तू बांबू रोवत होतास, गाठी मारत होतास आणि लोकांना माझं सांगत होतास. फक्त तुझ्या किन्हवलीहून माझ्या मुरबाडपर्यंत ते आलं नाही.

मी रजा टाकली आहे. उद्या जनाबाई आणि तिचा नवरा शहापूरला येतील, मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाणार आहे. भरतीला वेळ लागला तर मधल्या दिवसांत काय करायचं ते डॉक्टर सांगतील आणि बहुतेक ते मलाच त्याच्या गळी उतरवावं लागेल. तो मला शिव्या देईल, देवाचं नाव घेईल, तोंड फिरवेल. देऊ दे, मला सवय आहे.

पण एक गोष्ट मी त्याला पहिल्याच दिवशी बजावणार आहे. बरा झालास, की बायकोनं जे केलं ते बरं केलं, हे तिला तोंडावर सांगायचं. ती जिवंत असताना, तू जिवंत असताना, समोर बसून सांगायचं. माझ्या भावासारखं ते गावभर वाटून, तिला न सांगता निघून जायचं नाही.